मोटरसायकलच्या हेडलाइटचा उजेड आणि फोकस कसा सुधारावा: बल्ब विकत आणण्याआधी करायच्या गोष्टी

रात्री खंडवा रोडने भेरूघाट उतरताना किंवा मानपूरच्या पुढे गणेशघाटात एखादे वळण वेळेवर दिसले नाही, की दुसऱ्याच दिवशी बहुतेक जण जास्त वॅटचा किंवा एलईडीचा बल्ब आणून लावतात. इंदूरला आमच्या सुदामानगरच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत मी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बऱ्याच गाड्यांचे हेडलाइट उघडून पाहिले आणि त्यांपैकी फारच थोड्या गाड्यांमध्ये खरा दोष बल्बचा निघाला. कुठे अर्थिंगचे टोक गंजले होते, कुठे बल्ब खाचेत नीट बसलेला नव्हता, कुठे काच पिवळी पडली होती, आणि फोकस तर जवळजवळ सगळ्यांचाच चुकलेला होता. फोकस चुकलेल्या गाडीत दुप्पट उजेडाचा बल्ब बसवला, तर चुकीच्या जागी दुप्पट उजेड पडतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ही पद्धत मुख्यतः हॅलोजन बल्बच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे ३५/३५ वॅटचा एचएस-१ किंवा ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब असलेल्या गाड्यांसाठी. ज्यांच्या गाडीला कंपनीचाच एलईडी हेडलाइट आहे, त्यांना आतले काही बदलता येत नाही. त्यांनी पहिली, पाचवी आणि सहावी पायरी करावी, तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

तयारी

दोन संध्याकाळी हाताशी ठेवाव्यात. पहिली साफसफाई आणि मोजमापासाठी, दुसरी फोकससाठी. सगळे एकाच रात्री उरकायला गेले, की फोकसची पायरी घाईत होते आणि नेमकी तीच घाईत करण्यासारखी नाही.

लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत: स्क्रू ड्रायव्हर आणि पाने, डिजिटल मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, बारीक पॉलिश पेपर, सुती हातमोजे किंवा स्वच्छ फडके, मोजपट्टी, खडू आणि रंगीत चिकटपट्टी. मल्टिमीटर घरी नसेल तर सियागंजातून साधा घेतला तरी चालतो, कारण आपल्याला अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला म्हणजे पुरे. गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिकाही शोधून ठेवावी. बल्बचा प्रकार, फ्यूजची क्षमता आणि फोकसच्या स्क्रूची जागा त्यात दिलेली असते आणि पुस्तिकेतला आकडा या लेखातल्या आकड्यापेक्षा वेगळा असेल, तर पुस्तिकेचाच धरावा.

इशारा: २०१७ च्या एप्रिलनंतर बनलेल्या दुचाकींमध्ये इंजिन सुरू असेपर्यंत हेडलाइट आपोआप चालू राहतो. त्यामुळे पुढची बरीच मोजमापे इंजिन चालू ठेवून करावी लागतील. ती बंद पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली करू नयेत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासावरून कळत नाही.

पायरी १: डोळ्यांपासून काचेपर्यंत सगळे स्वच्छ करणे

सुरुवात हेल्मेटपासून करावी. व्हायजरवर बारीक ओरखडे असतील, तर समोरच्या दिव्याभोवती चांदणीसारखे किरण पसरतात आणि रस्ता त्यामागे बुडून जातो. व्हायजर वर करून दहा पावले दूरच्या दिव्याकडे पाहावे, मग खाली करून पुन्हा पाहावे. फरक जाणवला तर व्हायजर बदलावा. काळसर व्हायजर लावून रात्री गाडी चालवणारे लोक हेडलाइटची तक्रार करतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यांच्या अडचणीवर व्हायजर बदलण्याइतका सोपा दुसरा उपाय नाही. चष्मा असणाऱ्यांनी नंबर तपासून वर्ष उलटले असेल तर तोही तपासून घ्यावा.

मग हेडलाइटची काच. माळव्यात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यात धूळ असते. दोन्हींचा थर काचेवर इतका सावकाश चढतो की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. आधी भरपूर पाण्याने माती सैल करून वाहू द्यावी आणि मगच फडके लावावे. कोरड्या फडक्याने पुसली, तर मातीतले कणच काचेवर ओरखडे पाडतात.

जुन्या गोल हेडलाइटला खरी काच असते आणि ती पिवळी पडत नाही. नव्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचे कडक प्लास्टिक असते आणि त्यावरचा संरक्षक थर उन्हाने झिजला की ते पिवळट, धूसर होते. ते साफ करायचे असल्यास आजूबाजूच्या रंगावर चिकटपट्टी लावून घ्यावी, सतत पाणी सोडत आधी १००० नंबरचा, मग १५००, २००० आणि शेवटी ३००० नंबरचा पेपर फिरवावा आणि त्यानंतर पॉलिशिंग कंपाउंडने चमक आणावी. एवढ्यावर थांबणे ही नेहमीची चूक आहे. घासताना जुना संरक्षक थर पूर्ण निघून गेलेला असतो. त्याच्या जागी अतिनील किरणांपासून वाचवणारा पारदर्शक लेप दिला नाही, तर काही महिन्यांत काच पूर्वीपेक्षा जास्त पिवळी होते. टूथपेस्टने घासण्याचा उपाय दोन-चार दिवस चमक दाखवतो आणि त्याच कारणाने वाया जातो.

तपासणी: काच बाहेरून गुळगुळीत असूनही धूसर दिसत असेल, तर दोष आतल्या बाजूला आहे. तिथे पेपर पोचत नाही. पुढच्या पायरीत आत काय आहे ते पाहावे.

पायरी २: रिफ्लेक्टर आणि बल्बची बैठक

चावी बंद करून बल्ब गार होऊ द्यावा. हॅलोजन बल्ब काही मिनिटे जळला तरी बोट भाजण्याइतका तापतो. हेडलाइटची रिंग किंवा काउल उघडून मागचे रबरी बूट काढावे. ते बूट फाटलेले असेल, तर आत धूळ आणि वाफ शिरण्याची वाट सापडली असे समजावे आणि नवे बूट आणावे.

टॉर्च मारून आतला रिफ्लेक्टर पाहावा. तो आरशासारखा असायला हवा. त्यावर धूळ असेल, तर हवेच्या पंपाने लांबून फुंकर द्यावी. डाग असतील, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकून आत हलकेच फिरवावे, साध्या डिस्टिल्ड वॉटरने खळखळून काढावे आणि पालथे घालून पूर्ण वाळू द्यावे.

इशारा: रिफ्लेक्टर फडक्याने, कापसाने किंवा बोटाने कधीही पुसू नये. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर अतिशय पातळ असतो आणि एका घासण्याने निघून जातो. थर काळवंडला किंवा सोलला असेल, तर कोणत्याही बल्बने तो उजेड परत येत नाही. हेडलाइटचे युनिटच बदलावे लागते.

आता बल्ब. एच-४ आणि एचएस-१ या दोन्ही बल्बना कडेला तीन कान असतात आणि रिफ्लेक्टरमध्ये त्यांच्या तीन खाचा असतात. हे कान बल्बला एका ठरावीक कोनात आणि ठरावीक खोलीवर धरून ठेवतात. रिफ्लेक्टरचा सगळा हिशेब बल्बमधली ती बारीक तार नेमक्या बिंदूवर आहे असे धरून केलेला असतो. तार एक-दोन मिलिमीटर सरकली तरी उजेडाचा पट्टा फुटतो, आणि मग बाहेरून फोकसचा स्क्रू कितीही फिरवला तरी तो जुळत नाही.

इथे एक सर्रास होणारी चूक सांगायला हवी. एच-४ बल्ब एचएस-१ च्या जागी सरळ बसत नाही, कारण दोघांचे कान वेगळ्या मापाचे आहेत. बाजारात मात्र कान कापून किंवा घासून तो बसवून दिला जातो. असा बल्ब स्प्रिंगच्या दाबावर कसाबसा टिकतो, खड्ड्यात हलतो आणि त्याचा फोकस रोज वेगळा असतो. शिवाय ३५ वॅटसाठी बनवलेला होल्डर आणि प्लास्टिकचा रिफ्लेक्टर ६० वॅटची उष्णता सोसत नाहीत. गाडी वापरलेली घेतली असेल, तर बल्बचे कान मुद्दाम पाहावेत.

बल्बची काच राखाडी किंवा चंदेरी झाली असेल, तर त्याच प्रकारचा आणि त्याच वॅटचा नवा बल्ब लावावा. नव्या बल्बच्या काचेला उघडे बोट लावू नये. त्वचेचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग धरतो आणि तिथून ती तडकते. चुकून बोट लागले, तर स्पिरिटने पुसून वाळू द्यावे.

पायरी ३: बल्बपर्यंत वीज किती पोचते ते मोजणे

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त उजेड याच पायरीत परत मिळतो आणि सर्वांत कमी लोक ती करतात.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्यापेक्षा फार वेगाने घटतो. व्होल्टेज ५ टक्के कमी झाले तर उजेड सुमारे १५ टक्के कमी होतो, आणि १० टक्के कमी झाले तर जवळजवळ ३० टक्के. बॅटरीपासून निघालेली वीज चावीचे स्विच, हँडलवरचे स्विच, तीन-चार कपलर (वायर एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे जोड) आणि बारीक वायर यांतून बल्बपर्यंत येते, आणि वाटेतला प्रत्येक गंजलेला जोड थोडे व्होल्टेज खातो.

शेजारच्या एका काकांच्या अकरा वर्षे जुन्या गाडीचे उदाहरण देतो. त्यांनी दोन बल्ब बदलले होते, तरी उजेड मेणबत्तीसारखा लालसर होता. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बच्या होल्डरवर ११.९. सुमारे दोन व्होल्ट वाटेत हरवत होते. शोध घेता घेता हँडलच्या खाली, टाकीच्या पुढच्या टोकाशी असलेली अर्थिंगची काळी वायर सापडली. तिच्या टोकाची रिंग शेवाळासारखी हिरवी झाली होती आणि बोल्टखाली रंगाचा थर तसाच होता. रिंग पॉलिश पेपरने तांब्यासारखी लख्ख केली, बोल्टखालचा रंग खरवडला, कपलरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो चार-पाच वेळा काढला आणि घातला. होल्डरवर १३.३ व्होल्ट आले. उजेड जवळजवळ दीडपट झाला आणि नवी वस्तू एकही लागली नाही.

मोजण्याची रीत अशी. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा आणि इंजिन चालू करून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे. एक्सीलरेटर थोडा दिला असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर आधी चार्जिंग आणि बॅटरी पाहावी. हेडलाइटचा प्रश्न तिथेच आहे. आकडा ठीक असेल, तर हेडलाइट लावून होल्डरच्या मागून, वायर जिथे कपलरमध्ये शिरते तिथे, बारीक पिन सरकवून मोजावे.

इशारा: बल्ब काढून नुसत्या कपलरवर मोजू नये. बल्ब नसला की वायरमधून करंट वाहत नाही आणि गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब लागलेला आणि पेटलेला असतानाच मोजलेला आकडा खरा असतो. ‘मीटरवर तर सगळे बरोबर येते’ असे म्हणणाऱ्या मेकॅनिकने नव्वद टक्के वेळा हीच चूक केलेली असते असे मला वाटते.

तूट कोणत्या बाजूला आहे ते ओळखण्यासाठी दोन मोजमापे पुरतात. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळे टोक होल्डरच्या प्लस वायरवर ठेवले, की जो आकडा येतो तीच प्लस बाजूची तूट. मग लाल टोक होल्डरच्या अर्थ वायरवर आणि काळे बॅटरीच्या मायनसवर ठेवले, की अर्थिंगची तूट कळते. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपर्यंत असेल तर काही करू नये. एक व्होल्टच्या वर असेल, तर सगळे जोड उघडून साफ करावेत आणि पुन्हा मोजावे. होल्डरचे प्लास्टिक भाजलेल्या पोळीसारखे तपकिरी झाले असेल, तर साफसफाईने भागणार नाही. सिरॅमिकचा नवा होल्डर लावावा.

काही जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, थेट इंजिनमधल्या कॉइलच्या एसी विजेवर चालतो. चावी लावून तो पेटत नाही आणि एक्सीलरेटर दिला की उजळतो, सोडला की मिणमिणतो. अशा गाडीत मीटर एसीवर ठेवून मोजावे. जोड साफ करण्याचा उपाय तिथेही लागू आहे, पण पुढची चौथी पायरी लागू नाही. ती गाडी डीसीवर आणायची असेल, तर कॉइलची वाइंडिंग आणि रेग्युलेटर दोन्ही बदलावे लागतात आणि ते काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे.

पायरी ४: रिले, पण गरज असेल तरच

सगळे जोड साफ करूनही एक व्होल्टपेक्षा जास्त तूट राहत असेल, तर चावीचे आणि हँडलचे स्विच आतून झिजले आहेत. रिले म्हणजे थोड्याशा करंटच्या इशाऱ्यावर उघड-बंद होणारे छोटे स्विच. तो बसवला की गाडीच्या स्विचमधून फक्त इशाऱ्यापुरता करंट जातो आणि बल्बला बॅटरीतून जाड वायरने सरळ वीज मिळते. ३५ वॅटच्या बल्बला सुमारे ३ अँपिअर लागतात आणि तिथे याची गरज क्वचित पडते. ६० वॅटच्या बल्बला ५ अँपिअर लागतात आणि जुन्या गाडीत फरक स्पष्ट दिसतो.

१. अप्परसाठी एक आणि डिप्परसाठी एक, असे दोन रिले घ्यावेत. तयार वायरिंगचा संच मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण वायर कापावी लागत नाही आणि गाडी पुन्हा मूळ स्थितीत आणता येते.

२. बॅटरीच्या प्लसपासून १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर दोन्ही रिलेंच्या ३० क्रमांकाच्या टोकाला. फ्यूज बॅटरीपासून एक वीतभर अंतराच्या आतच असावा.

३. रिलेच्या ८७ क्रमांकाच्या टोकापासून बल्बच्या नव्या होल्डरला.

४. जुन्या होल्डरकडे येणाऱ्या अप्पर आणि डिप्परच्या वायर त्या त्या रिलेच्या ८६ ला, आणि दोन्ही रिलेंचे ८५ अर्थला.

५. नव्या होल्डरची अर्थ वायरही तितकीच जाड घेऊन बॅटरीच्या मायनसपर्यंत न्यावी. प्लसची वायर जाड आणि अर्थची जुनीच, असे काम मी वारंवार पाहिले आहे. त्यात निम्मी तूट तशीच राहते.

तपासणी: हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवावे आणि वायर कुठे ताणली किंवा चिमटली जात नाही ना ते पाहावे. मग चावी बंद करून दिवा विझतो का ते पाहावे. विझत नसेल, तर रिलेचा इशारा चुकीच्या वायरवरून घेतला आहे आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरेल.

गाडी वॉरंटीत असेल, तर वायरिंगला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारावे.

पायरी ५: फोकस जुळवणे

सपाट जमीन आणि तिच्यासमोर उभी भिंत एवढेच हवे. आमच्याकडे इमारतीच्या मागच्या भिंतीवर हे काम होते. जागा उताराची असेल तर सगळी मेहनत फुकट जाते, म्हणून जमिनीवर पाणी ओतून ते एकीकडे धावते का ते पाहून घ्यावे.

दोन्ही टायरमध्ये पुस्तिकेत दिलेली हवा भरावी. गाडी स्टँडवरून काढून सरळ उभी करावी आणि जो माणूस ती रोज चालवतो त्यानेच तिच्यावर बसावे. हे फार महत्त्वाचे आहे. डबल स्टँडवर लावून जुळवलेला फोकस माणूस बसल्यावर मागचे शॉकअप दबून वर जातो. गॅरेजमध्ये नेमके हेच होते, आणि मग ‘कालच फोकस मारून आणला’ तरी समोरचे लोक अप्पर-डिप्पर मारत राहतात.

१. गाडी भिंतीपासून अर्ध्या मीटरवर आणून, हँडल सरळ ठेवून, भिंतीवर उजेडाचा मध्य जिथे दिसतो तिथे खडूने फुली करावी. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्याची उंचीही मोजपट्टीने मोजून फुलीशी ताडून पाहावी.

२. फुलीतून एक आडवी आणि एक उभी चिकटपट्टी लावावी.

३. गाडी सरळ मागे घेऊन हेडलाइटपासून भिंत बरोबर ५ मीटरवर येईल अशी उभी करावी. जागा असेल तर १० मीटर अधिक चांगले, कारण चूक दुप्पट मोठी होऊन दिसते.

४. डिप्पर लावावा. उजेडाची वरची कड आडव्या पट्टीच्या खाली, अंतराच्या प्रत्येक मीटरला १ ते १.५ सेंटिमीटर या हिशेबाने असावी. म्हणजे ५ मीटरवर ५ ते ७.५ सेंटिमीटर खाली, १० मीटरवर १० ते १५ सेंटिमीटर खाली.

५. फोकसचा स्क्रू किंवा बाजूचे बोल्ट थोडेथोडे फिरवत कड तिथे आणावी. बाजूच्या बोल्टवर झुलणारा गोल हेडलाइट असेल, तर बोल्ट सैल करून हाताने झुकवावा आणि घट्ट केल्यावर पुन्हा पाहावे, कारण घट्ट करताना तो हटकून सरकतो.

६. आता अप्पर लावावा. त्याचा सर्वांत उजळ भाग आडव्या पट्टीच्या आसपास किंवा किंचित खाली, आणि उभ्या पट्टीवर मध्यभागी यायला हवा. बहुतेक गाड्यांत अप्पर आणि डिप्पर एकत्रच हलतात. डिप्पर जुळूनही अप्पर झाडाच्या शेंड्यावर जात असेल, तर बल्बची बैठक चुकली आहे. दुसऱ्या पायरीकडे परत जावे.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून ज्या हेडलाइटचा डिप्पर एका बाजूला वर चढतो तो आपल्या डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेकडे चढायला हवा. उजवीकडे चढत असेल तर ते युनिट उजवीकडून वाहने चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेले आहे आणि ते कितीही महागाचे असले तरी आपल्या रस्त्यावर लावू नये.

फोकस वाजवीपेक्षा खाली ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण चाकापुढचा रस्ता झगझगीत दिसतो आणि उजेड वाढल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात जवळचा उजळ रस्ता डोळ्यांची बाहुली आक्रसवतो आणि दूरचे आणखी कमी दिसते. आकड्यांनी पाहावे. हेडलाइट जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल आणि कड मीटरला १ सेंटिमीटर उतरत असेल, तर उजेड ८० मीटरवर जमिनीला टेकतो. मीटरला २ सेंटिमीटर उतरत असेल, तर ४० मीटरवरच संपतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २८ मीटर, असे एकूण ५३ मीटर लागतात. ज्याचा उजेड ४० मीटरवर संपतो, तो ताशी ६० च्या वेगाने न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत असतो. ताशी ८० ला हेच अंतर ८० मीटरच्या पुढे जाते. त्यामुळे उत्तम जुळवलेल्या डिप्परवरही अंधाऱ्या रस्त्यावर ६० च्या पुढे जाऊ नये असे मी सांगतो.

पायरी ६: माणसाच्या डोळ्यांवर आणि रस्त्यावर चाचणी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०६ व्या नियमात एक माप दिले आहे, जे चाचणीसाठी अगदी सोयीचे आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो माणूस डिप्परने दिपता कामा नये. गाडीवर घरातल्या कोणाला तरी बसवावे, आपण त्या जागी उभे राहावे आणि एकदा दिव्याकडे नजर टाकावी. नजर आपोआप वळत असेल, तर कड आणखी खाली हवी.

मग रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर जाऊन यावे. निघण्याआधी मोबाइलच्या पडद्याकडे पाहणे टाळावे. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. समोरून येणारी वाहने सतत अप्पर मारत असतील, तर त्यांचे म्हणणे ऐकावे.

हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून आणलेला एलईडी बल्ब मी हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवला होता. अंगणातली भिंत पांढरीशुभ्र दिसत होती आणि मी समाधानी होतो. बडवाहहून परतताना चोरलपर्यंत प्रत्येक ट्रक मला अप्पर मारत होता आणि दोष त्यांचा आहे असे मी धरून चाललो. सोयाबीनचे दिवस होते. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर अशी सोयाबीनने भरलेली एक ट्रॉली कडेला उभी होती आणि ती मला अगदी जवळ आल्यावर दिसली. हँडल वळवता आले म्हणून मी वाचलो. घरी आल्यावर आठ मीटरवर उभा राहून स्वतःच्या गाडीकडे पाहिले, तेव्हा डोळ्यांपुढे काही क्षण काहीच दिसेना. उजेड भरपूर होता, पण तो झाडांवर आणि लोकांच्या डोळ्यांत जात होता. रस्त्यावर दूरपर्यंत जाणारा पट्टा उरलाच नव्हता.

पायरी ७: यानंतरही कमी वाटले तर

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब का चालत नाही ते वरच्या प्रसंगावरून कळते. एच-४ आणि एचएस-१ बल्बमध्ये डिप्परच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते आणि उजेडाची सरळ कड तिच्यामुळे तयार होते. बहुतेक एलईडी बल्बमध्ये ना तारेची नेमकी जागा साधते, ना त्या वाटीची सावली. शिवाय मागच्या पंख्यामुळे रबरी बूट बसत नाही आणि पहिल्याच पावसात आत पाणी जाते. १००/९० वॅटचे हॅलोजन बल्ब तर टाळावेतच: ते ८ अँपिअरपर्यंत करंट ओढतात, होल्डर वितळवतात, रिफ्लेक्टर जाळतात आणि गाडीच्या चार्जिंगला तेवढा भार पेलत नसल्याने बॅटरीही उतरवतात.

मूळ वॅटचाच, पण चांगल्या दर्जाचा बल्ब घेणे हा सुरक्षित मार्ग आहे. रंगाच्या बाबतीत निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर उजेड ओल्या रस्त्यावर आणि जानेवारीच्या धुक्यात डोळ्यांना सुसह्य असतो. निळा रंग दिलेल्या काचेचा बल्ब तेवढ्याच विजेत कमी उजेड देतो, कारण रंग उजेड गाळून घेतो.

घाटातून किंवा धुळे-नाशिकपर्यंत रात्रीचा प्रवास वारंवार करणाऱ्यांनी जोडदिव्यांचा, म्हणजे हेडलाइटसोबत लावायच्या जादा दिव्यांचा, विचार करावा, पण ते हेडलाइटपेक्षा खाली, स्वतंत्र फ्यूज आणि रिलेवर आणि अप्परशी जोडलेले असावेत, म्हणजे डिप्पर केला की तेही विझतील. चार्जिंगची क्षमता पुस्तिकेत पाहून मगच वॅट ठरवावेत आणि परवानगीबाबत आरटीओत विचारून घ्यावे, कारण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीतल्या बदलांवर बंधने घातली आहेत. लुकलुकणारे किंवा रंगीत दिवे पुढे लावू नयेत.

तपासणी: बल्ब बदलला, टायर बदलले, शॉकअप सैल-घट्ट केले किंवा गाडी पडली, यांपैकी काहीही झाले तरी पाचवी पायरी पुन्हा करावी. मागे कोणी बसणार असेल आणि सामानही असेल, तर मागचे शॉकअप एक-दोन खाचा घट्ट करावेत. तसे न करता ओंकारेश्वरला जोडीने निघालेल्या गाडीचा डिप्पर समोरच्याला अप्परसारखा लागतो. यासाठी घरच्या भिंतीवर दोन खुणा ऑइलपेंटने कायमच्या करून ठेवाव्यात, एक एकट्यासाठी आणि एक डबलसीटसाठी, आणि जमिनीवर पुढच्या चाकाची जागाही आखावी. मग प्रवासाला निघण्याआधी गाडी त्या रेषेवर उभी करून कड खुणेवर आहे की नाही एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात.